‘बसूनच तर होते मी’: एका गणित शिक्षिकेच्या थकव्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

मॅडमचं वय ४१. माध्यमिक शाळेत गणित शिकवायच्या. आठवड्याला तीसच्या आसपास तास, त्यावर परीक्षा विभागाची जबाबदारी. पहाटे उठून पाच किलोमीटर भरभर चालणं हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. ओळख पटू नये म्हणून इथले काही तपशील बदलले आहेत. घटनाक्रम आणि माझ्या चुका मात्र तशाच ठेवल्या आहेत.

सुरुवात एका विषाणूजन्य तापाने झाली. पाच दिवस ताप, मग दोन दिवस नुसती मरगळ, आणि नवव्या दिवशी मॅडम वर्गात. दुखणं अंगावर काढायची सवय होतीच. पहिला आठवडा रेटून नेला. दुसऱ्या आठवड्यात तास संपल्यावर शिक्षक खोलीत टेबलावर डोकं टेकावं लागायला लागलं. महिनाभरात रजा सुरू झाल्या: आधी एक-एक दिवसाची, मग आठवड्याची. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी पहाटेचं चालणं बंद झालं होतं आणि जिना चढताना मध्ये थांबावं लागत होतं.

डॉक्टरांकडच्या तपासण्या सगळ्या नीट आल्या. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, साखर, यकृत, मूत्रपिंड, बी-१२, ईसीजी, कशातच काही नाही. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘आजारानंतरचा अशक्तपणा. मानसिक ताण? हळूहळू व्यायाम वाढवावा.’ ती चिठ्ठी घेऊन त्या माझ्याकडे आल्या. मी फिजिओथेरपिस्ट आहे.

अडचण

पहिल्या भेटीत मी नेहमीच्या चाचण्या घेतल्या. सहा मिनिटांत किती चालता येतं, हाताची पकड, खुर्चीतून किती वेळा उठबस होते. आकडे वयाच्या मानाने थोडे कमी, पण काळजी करावी असे नव्हते. कागदावर बाई ठणठणीत होत्या.

त्या स्वतः जे सांगत होत्या ते मात्र या आकड्यांत बसत नव्हतं. ‘काम करताना मला काही होत नाही हो. नंतर होतं. आणि लगेच नाही, दोन दिवसांनी.’ हे वाक्य मी लिहून घेतलं आणि त्याचा अर्थ न लावता पुढे गेले. अनेक थकलेली माणसं असंच काहीतरी सांगतात, असं तेव्हा वाटलं.

त्या ज्याला ‘कोसळणं’ म्हणत, ते मी एकदाच प्रत्यक्ष पाहिलं, घरी गेले होते तेव्हा. खोलीत पडदे ओढलेले. मॅडम भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. अंग दुखत होतं, घसा ताप येण्याआधी होतो तसा खवखवत होता, पंख्याचा आवाजही नको होता. शाळेतलं काहीतरी सांगता सांगता त्या अडकल्या. ‘मुलांना शिकवते ना, ते... आकड्यांच्या दोन्ही बाजूंना असतं ते... वाकडं.’ कंस. सतरा वर्षं रोज फळ्यावर काढलेला शब्द त्यांना सापडत नव्हता. तो सापडत नाही याचा त्यांना जो धक्का बसला होता, तो चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

पहिली योजना आणि ती का फसली

मी लावलेला अर्थ साधा होता. आजारामुळे हालचाल कमी झाली, त्यामुळे स्नायू आणि हृदयाची क्षमता घटली, त्यामुळे थोडं केलं तरी दमायला होतं. उपाय ठरलेला: दहा मिनिटांच्या चालण्यापासून सुरुवात, दर आठवड्याला दहा टक्के वाढ. हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा लांबलेल्या अंथरुणानंतर ही पद्धत उत्तम चालते. मी ती शेकडो वेळा वापरली आहे.

आणि मग मी एक वाक्य बोलले, ज्यावर हे सगळं प्रकरण उभं आहे. त्यांनी विचारलं, ‘बाकीचा वेळ काय करू?’ मी म्हणाले, ‘बाकी आराम. बसून पेपर तपासा, वाचन करा, तेवढंच मन रमेल.’

पहिला आठवडा छान गेला. दुसऱ्यात थोडी कुरकुर. तिसऱ्या आठवड्यात बुधवारी सकाळी त्यांच्या यजमानांचा फोन आला, ‘आज ही उठलीच नाही. उजेड सहन होत नाहीये.’ मी चालणं पाच मिनिटांवर आणलं. त्याने काही फरक पडला नाही. पाचव्या आठवड्यापर्यंत आणखी दोनदा त्या कोसळल्या, आणि दोन्ही वेळा आदल्या दिवसांत चालणं नगण्य होतं.

इथे पहिला खरा निर्णयाचा क्षण आला आणि तो मी जवळजवळ वाया घालवला. चालणं घटवूनही त्रास घटत नाही, म्हणजे त्रासाचं कारण चालणं नसावं. हा निष्कर्ष सरळ होता. पण माझ्या मनात आधी दुसरीच शंका आली: बाई हालचालीला घाबरल्या आहेत का? चिठ्ठीवरच्या त्या ‘मानसिक ताण?’ने मला पळवाट दिली होती. माझी योजना चुकली असेल हे मानण्यापेक्षा रुग्णाच्या मनात काहीतरी आहे हे मानणं सोपं जातं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं झालं खरं.

वही

शंका बाजूला ठेवून मी त्यांना चार आठवडे वही लिहायला सांगितली. चार रकाने: तारीख, पावलं, झोप, आणि शून्य ते दहा या मापात त्रास. पाचवा रकाना त्यांनी स्वतःच आखला: ‘डोक्याचं काम, मिनिटं.’ कारण विचारलं तर म्हणाल्या, ‘दिवसभर मी करते तेच आहे ना. लिहायला नको?’

चार आठवड्यांनी त्या वहीबरोबर आलेख कागद घेऊन आल्या. पावलांची रेघ निळी. डोक्याच्या कामाची पेन्सिलने. त्रासाची रेघ मात्र त्यांनी वेगळ्या, आरपार दिसणाऱ्या ट्रेसिंग पेपरवर लाल शाईने काढली होती. तो कागद त्यांनी आलेखावर ठेवला. लाल डोंगर निळ्या डोंगरांना कुठेच जुळत नव्हते. ‘आता बघा,’ म्हणाल्या, आणि ट्रेसिंग पेपर दोन घरं डावीकडे सरकवला. दोन घरं म्हणजे दोन दिवस. लाल रेघेचे चारपैकी तीन डोंगर पेन्सिलच्या डोंगरांवर नेमके बसले.

त्यातला सगळ्यात उंच डोंगर एका रविवारचा होता. त्या दिवशी पावलं ६४० आणि डोक्याचं काम तीन तास दहा मिनिटं: वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेची छाननी, प्रत्येक गणित स्वतः सोडवून. मंगळवारी त्रास नऊ. मी विचारलं, ‘तेव्हाच लक्षात आलं नाही?’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘बसूनच तर होते मी. तुम्हीच म्हणाला होतात, बसणं म्हणजे आराम.’

चौथा डोंगर कशावरच बसत नव्हता. त्या तारखेला पावलं कमी, डोक्याचं काम शून्य. दोन दिवस आधीचा शेरा फक्त ‘काही नाही’. खोदून विचारल्यावर कळलं की त्या दिवशी त्यांच्या वडिलांना अचानक रुग्णालयात दाखल केलं होतं आणि त्या दुपारपासून रात्रीपर्यंत फोनवर होत्या. ते काम आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

थोडं मागे जाऊन

हे मला नवं वाटायला नको होतं. इटलीतले शरीरक्रिया शास्त्रज्ञ आंजेलो मोसो यांनी १८९१ साली थकव्यावरचं आपलं पुस्तक छापलं. एका बोटाने वजन पुन्हा पुन्हा उचलायला लावून त्या हालचालीची नोंद करणारं यंत्र त्यांनी बनवलं होतं. त्यावर त्यांनी आपल्या प्राध्यापक सहकाऱ्यांना बसवलं. लांबलचक व्याख्यानं देऊन किंवा तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या प्राध्यापकाचं बोट नेहमीपेक्षा लवकर थकत होतं. बोटाने तर दिवसभर काहीच केलं नव्हतं.

२००९ साली वेल्समधले संशोधक सामुएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी हेच सायकलवर तपासलं. १६ निरोगी लोक. एका दिवशी ९० मिनिटं एकाग्रता लागणारं संगणकावरचं कंटाळवाणं काम, दुसऱ्या दिवशी तितकाच वेळ साधे माहितीपट. मग दमेपर्यंत सायकल. माहितीपट पाहिलेल्या दिवशी सरासरी ७५४ सेकंद टिकले, डोक्याचं काम केलेल्या दिवशी ६४०. हृदय आणि स्नायूंच्या मोजमापांत हा फरक समजावून सांगेल असं काही सापडलं नाही. फक्त तेच पायडल सुरुवातीपासून जड वाटत होतं.

यातून ‘मेंदू सगळी ऊर्जा खातो’ असा अर्थ काढायचा मोह होतो. तो चुकीचा आहे. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण दोन टक्के आणि विश्रांतीतला ऊर्जेचा वाटा २० टक्क्यांच्या आसपास, हे खरं. पण अवघड गणित सोडवायला घेतलं म्हणून हा खर्च फार वाढत नाही. म्हणजे इंधन संपलं म्हणून माणूस थकतो, हे चित्र डोक्याच्या कामाला लागू होत नाही.

दुसरी एक गल्लत मीही काही दिवस केली. मोसोंचे प्राध्यापक आणि मार्कोरांचे सायकलस्वार थकले ते त्याच दिवशी, आणि रात्रीच्या झोपेने ते ताजेही झाले असतील. मॅडमचं तसं नव्हतं. त्यांचा त्रास एक-दोन दिवस उशिरा येई, श्रमाच्या मानाने कितीतरी मोठा असे, आणि झोपेने भरून निघत नसे. याला वैद्यकात पोस्ट-एक्झर्शनल मलेझ म्हणतात, आपण श्रमोत्तर कोसळणं म्हणू. मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम या आजाराची ती खूण आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली या आजाराचे निकष मांडले त्यात ते मध्यवर्ती आहे, आणि ते शारीरिक, बौद्धिक किंवा भावनिक अशा कुठल्याही श्रमाने येऊ शकतं. काही विषाणूजन्य आजारांनंतर हे चित्र दिसतं.

मी वही आणि आलेख घेऊन मॅडमना पुन्हा डॉक्टरांकडे पाठवलं, या वेळी या विषयात अनुभव असलेल्या. निदान झालं तेव्हा तापाला सात महिने होत आले होते.

समोरचे पर्याय

व्यायाम वाढवत राहणं हा पहिला पर्याय. हा आता बाद होता. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००७ साली या आजारात क्रमाक्रमाने वाढणाऱ्या व्यायामाची शिफारस केली होती. २०२१ साली तीच संस्था म्हणाली की ठरावीक टप्प्यांनी वाढत जाणारा व्यायाम कार्यक्रम या रुग्णांना देऊ नये. माझी दहा टक्क्यांची वाढ नेमकी त्यात बसत होती.

पूर्ण अंथरूण धरणं हा दुसरा. मॅडमचे यजमान याच्या बाजूने होते. ‘हलूच नको ना मग,’ ते म्हणत. त्यांची काळजी समजत होती, पण महिनोन्‌महिने पडून राहण्याचे स्वतःचे तोटे असतात, आणि मॅडमच्या बाबतीत एक व्यावहारिक अडचणही होती: पडल्या पडल्या त्या डोक्याने काम करत राहत. अंथरुणावर असताना त्यांनी एकदा अख्ख्या वर्षाचं नियोजन करून टाकलं होतं.

फक्त समुपदेशनाचा पर्याय एका नातेवाइकाने सुचवला. मॅडमनी तोही नाकारला नाही, उलट नंतर काही सत्रं घेतली आणि आजार स्वीकारायला त्याचा उपयोग झाल्याचं सांगितलं. पण मूळ उपचार म्हणून तो पुरेसा नव्हता, कारण ट्रेसिंग पेपर दोन घरं सरकवल्यावर जुळणारा आलेख समजुतीने बदलत नसतो.

उरला चौथा: एकूण श्रम, शरीराचे, डोक्याचे आणि मनाचे, एका मर्यादेखाली ठेवणं. इंग्रजीत याला पेसिंग म्हणतात. बेताने घेणं, हा आपला शब्द मला जास्त आवडतो. याने आजार बरा होतो असा दावा कोणी करत नाही, आम्हीही केला नाही. कोसळणं टाळायचं, आणि टाळता टाळता शरीराला सावरायला वाव द्यायचा, एवढंच.

काय केलं

अडचण मोजण्याची होती. पावलं मोजता येतात, मिनिटं मोजता येतात, पण दहा मिनिटांची अंघोळ आणि दहा मिनिटांचं लघुत्तम सामाईक विभाज्य शिकवणं यांची बेरीज कशी करायची? खेळाडूंच्या सरावासाठी कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेली एक साधी पद्धत आहे: सराव किती जड गेला याला शून्य ते दहा गुण द्यायचे आणि त्याला मिनिटांनी गुणायचं. आम्ही तीच उचलली आणि डोक्याच्या कामालाही लावली. या आजारासाठी ती बनलेली नाही, हे मॅडमना आधीच सांगितलं होतं. पण गुणाकार आहे म्हटल्यावर त्या खूश झाल्या.

उभ्याने अंघोळ: दहा मिनिटं, चार गुण, म्हणजे ४०. तोच हिशेब त्या रविवारच्या प्रश्नपत्रिकेला लावला: १९० मिनिटं, सहा गुण, ११४०. ज्या दिवसांनंतर ४८ तासांत काही झालं नव्हतं, अशा दिवसांपैकी वरच्या दिवसांची बेरीज ४५०च्या आसपास येत होती. आम्ही छत ३०० वर बांधलं. दोन तृतीयांश का? तब्येत रोज सारखी नसते, म्हणून मोकळी जागा हवी होती. त्यामागे याहून मोठं शास्त्र नाही.

डॉक्टरांनी उभं राहण्याची चाचणीही घेतली. पडून असताना नाडी ७२, भिंतीला टेकून दहा मिनिटं उभं राहिल्यावर १०६. म्हणजे ३४ची वाढ, आणि प्रौढांमध्ये ३० किंवा जास्त वाढ टिकून राहणं हे उभं राहण्याचा शरीरावर ताण येत असल्याचं लक्षण मानतात. म्हणजे फळ्यापाशी उभं राहून शिकवताना त्या एकाच वेळी दोन कामं करत होत्या. डॉक्टरांनी पाणी, मीठ आणि दाब देणारे मोजे याबद्दल त्यांना सांगितलं. मी माझ्या बाजूने एवढंच केलं की बसून किंवा रेलून होण्यासारखं प्रत्येक काम बसून किंवा रेलून करायला लावलं. अंघोळीला स्टूल आलं आणि ४०चे २० झाले.

विश्रांती म्हणजे काय, यावर आमचे वाद झाले. मोबाइल पाहत पडून राहणं त्यांच्या मते विश्रांती होती. एका दुपारी आम्ही करून पाहिलं: वीस मिनिटं मोबाइल, मग गुण. त्यांनी स्वतःच तीन दिले. तेव्हापासून दिवसातून चार वेळा पंधरा मिनिटं डोळे मिटून, काही न ऐकता पडायचं ठरलं. ‘हेच सगळ्यात कठीण काम आहे,’ असं त्या पहिल्या महिन्यात रोज म्हणायच्या.

नाडी मोजणारं घड्याळ घ्यावं का, हाही एक निर्णय होता. आम्ही घेतलं, आणि अर्धं फसलं. जिना, अंघोळ, आवराआवर यांत त्याचा फायदा झाला. पण समीकरण सोडवताना नाडी ७८ दाखवत होती आणि दोन दिवसांनी मॅडम आडव्या. डोक्याचे श्रम त्या घड्याळाला दिसतच नव्हते. शिवाय सारखं मनगटाकडे पाहणं हेच एक काम होऊन बसलं. शेवटी घड्याळ फक्त जिना आणि अंघोळीपुरतं ठेवलं.

शाळेचा प्रश्न

तीन महिन्यांची रजा संपत आली. कोसळणं महिन्यात चार-पाच वेळांवरून एक-दोनवर आलं होतं. मॅडमना शाळेत जायचं होतं. मुख्याध्यापक समंजस निघाले. त्यांनी आपणहून सुचवलं, ‘तास नकोत. तुम्ही फक्त कार्यालयात बसून वेळापत्रक करा. हलकं काम आहे.’

घरच्या सगळ्यांना हे पटलं. मलाही क्षणभर पटलं. मॅडमनी मात्र वही उघडली. पस्तीस मिनिटं वेळापत्रक: कुठला शिक्षक कुठे अडकतो, प्रयोगशाळा कधी रिकामी, दोन वर्ग एकाच वेळी एका मैदानावर नकोत. गुण आठ, बेरीज २८०. जवळजवळ पूर्ण दिवसाचं छत. पस्तीस मिनिटं आठवीला बसून शिकवणं, सतरा वर्षं शिकवलेला धडा: गुण चार, बेरीज १४०. म्हणजे हलकं म्हणून दिलेलं काम दुप्पट जड होतं.

आम्ही उलटी मागणी केली. वेळापत्रक नको, परीक्षा विभाग नको. आठवड्याला तीन तास, एकच इयत्ता, पाठ असलेले धडे, खुर्चीत बसून, आणि तासानंतर अर्धा तास कुलूप लावता येईल अशी खोली. मुख्याध्यापकांना ते विचित्र वाटलं, कारण शिकवणं हेच कष्टाचं आणि टेबलावरचं काम आरामाचं असा त्यांचा हिशेब होता. मॅडमनी त्यांना कागदावर दोन गुणाकार करून दाखवले. गणिताच्या शिक्षिकेला असा फायदा असतो.

‘बघा, जमत असेल तर’

तीन आठवडे छान गेले. मॅडमच्या आवाजात जुना जोर आला. अशात एक दिवसाचं ऑनलाइन प्रशिक्षण आलं, शिक्षकांसाठी, आणि मार्गदर्शक म्हणून त्यांना बोलावलं. सकाळी दहा ते चार, कॅमेरा चालू. त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, ‘बघा, जमत असेल तर.’

हे वाक्य म्हणजे सल्ला नव्हे, अंग काढून घेणं आहे. निर्णय त्यांच्यावर टाकायचा आणि नको म्हटल्याचा वाईटपणाही घ्यायचा नाही. साधा गुणाकार करायला हवा होता: साडेतीनशे मिनिटांच्या आसपास, किमान पाच गुण, म्हणजे १७००च्या पुढे. छत तेव्हा ३५० होतं. मी तो केला नाही, कारण त्या बऱ्या दिसत होत्या आणि मलाही त्यांना बरं झालेलं पाहायचं होतं.

प्रशिक्षण उत्तम झालं. त्या संध्याकाळी त्यांचा मला संदेश आला, ‘काहीच झालं नाही!’ दुसऱ्या दिवशीही काही नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे सुरू झालं आणि पाच आठवडे चाललं. शाळेचे तिन्ही तास सुटले. आधीच्या पातळीवर यायला चार महिने गेले. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. त्यांचे यजमान मात्र एकदा फोनवर म्हणाले, ‘तुम्ही तरी नाही म्हणायला हवं होतं.’ त्यांचं बरोबर होतं.

कुठवर आलो

पहिल्या भेटीला आता चौदा महिने झाले. कोसळणं सहा-सात आठवड्यांतून एकदा, आणि ते दोन-तीन दिवसांत ओसरतं. आठवड्याला आठ तास, सगळे बसून. परीक्षा विभाग त्यांनी कायमचा सोडला, आणि त्याचं दुःख अजून आहे. पाच किलोमीटर चालणं परतलेलं नाही. पंधरा मिनिटं चालतात, दोन तुकड्यांत. छत ५०० च्या थोडं वर आहे. वहीतला गुणाकार आता बहुतेक दिवस तोंडीच होतो.

यातलं किती आमच्या हिशेबाने झालं आणि किती काळाने, हे एका माणसावरून ठरवता येत नाही. काही लोकांना पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआपही बरं वाटू लागतं. प्रशिक्षणानंतरच्या घसरणीने हिशेब खोटा नव्हता एवढं दाखवलं, पण त्याची किंमत फार मोठी होती.

आज पुन्हा करायचं झालं तर

‘नंतर होतं, दोन दिवसांनी’ हे पहिल्याच भेटीतलं वाक्य मी लिहून घेतलं होतं. तिथेच थांबायला हवं होतं. कमकुवत झालेल्या शरीराला श्रमाचा त्रास श्रम करताना होतो आणि सरावाने तो कमी होत जातो. दोन दिवस उशिरा येणारा, सरावाने वाढणारा त्रास ही वेगळीच गोष्ट आहे, आणि हे वेगळेपण विचारायला एक प्रश्न पुरतो. मी तो विचारला नाही म्हणून पाच आठवडे एका आजारी बाईला चुकीच्या दिशेने चालायला लावलं.

माझ्या भेटीच्या फॉर्मवर ‘कामाचं स्वरूप’ असा रकाना होता आणि त्यात दोनच पर्याय: बैठं, कष्टाचं. मॅडमच्या नावापुढे मी ‘बैठं’वर खूण केली होती. तो रकाना आता काढून टाकला आहे. त्याजागी मी कालचा दिवस तासातासाने सांगायला लावते, फोन, भांडणं, हिशेब, वाट पाहणं धरून. आणि पहिल्या भेटीनंतर ४८ तासांनी स्वतः फोन करते, कारण भेट हेही श्रमच असतात: प्रवास, चाचण्या, तासभर बोलणं. मॅडमची सहा मिनिटांची चाल चांगली आली म्हणून मी खूश झाले होते. तिसऱ्या दिवशी त्या कशा होत्या हे मला कळलंच नाही, कारण मी विचारलंच नव्हतं.

घरच्यांना आलेख फार उशिरा दाखवला, हीही चूक. यजमानांना तो कळला तेव्हा त्यांनी घरातली बिलं, बँकेची कामं, मुलाच्या अभ्यासाची उजळणी आपल्याकडे घेतली. आधी ते घर झाडणं आणि स्वयंपाक घेऊन समाधानी होते आणि हिला अजून का त्रास होतो या कोड्यात होते.

गेल्या भेटीला मॅडम वेळेआधी आल्या. मी दार उघडलं तर बाहेरच्या बाकावर डोळ्यांवर हात ठेवून पडल्या होत्या. मला वाटलं, पुन्हा काही झालं. घाईने हाक मारली. हात न काढता म्हणाल्या, ‘थांबा, माझी अजून चार मिनिटं आहेत.’